कुंभाराचे चाक, बैलगाडीची धाव आणि १९०९ सालचा वाद

१/२४
जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरातून आलेल्या दात्यांचे उल्लेख आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. भोकरदनचे नाव निघाले की बहुतेकांना आठवते ती तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती, कारण पाँपेईच्या अवशेषांत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी तिचे साम्य आहे. हा धागा मात्र त्या मूर्तीचा नाही. तो साध्या खापरांपासून सुरू होतो आणि १९०९ सालच्या युरोपातील एका वादापर्यंत जातो.

२/२४
सातवाहनकालीन चाकावरच्या भांड्याचे खापर हातात घेऊन आतली बाजू उजेडात तिरपी धरली, तर बारीक समांतर रेषा दिसतात. ओल्या मातीवरून कुंभाराची बोटे वर सरकत असताना खाली चाक फिरत होते, याची ही नोंद. हाताने थापलेल्या भांड्यावर अशा रेषा उमटत नाहीत. चाक लाकडाचे वा मातीचे असते, ते कुजते, फुटते, मागे राहत नाही. त्याचे फिरणे मात्र खापरावर उरते. नाहीशा झालेल्या वस्तूची गती तिच्या खुणेवरून ओळखणे हे पुरातत्त्वाचे नित्याचे काम आहे. म्हणून फिरणाऱ्या वस्तूचा इतिहास हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला परका विषय नव्हे.

३/२४
समाजमाध्यमांवर या विषयाची दोन रूपे सतत फिरत असतात. पहिले असे: ज्या संस्कृतीने सुदर्शन चक्राची कल्पना केली, तिला सापेक्षता ठाऊक होतीच. दुसरे असे: सापेक्षता म्हणजे एका माणसाच्या डोक्यातून एका वर्षी पूर्ण रूपात बाहेर पडलेली गोष्ट. दोन्ही कथा लोकप्रिय आहेत आणि दोन्ही इतिहास म्हणून निकृष्ट आहेत. पहिली कथा प्रश्न कधी, कोणी व का विचारला हे पुसून टाकते. दुसरी कथा त्या प्रश्नावर झालेले भांडण पुसून टाकते. फिरणाऱ्या चाकाचा खरा इतिहास या दोहोंपेक्षा अधिक रंजक आहे, आणि त्यात भारतीय नावेही आहेत. ती ओढूनताणून आणावी लागत नाहीत.

४/२४
आधी मूळ कल्पना. बारावीच्या भौतिकशास्त्रात घूर्णन गती शिकवताना ‘दृढ वस्तू’ गृहीत धरली जाते: जिच्या कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर कधीच बदलत नाही, अशी वस्तू. ती वाकत नाही, ताणली जात नाही, दबत नाही. जात्याची तळी, कुंभाराचे चाक, भोवरा, पृथ्वी या सगळ्यांची गणिते या एका गृहीतकावर सुटतात, आणि व्यवहारापुरती बिनचूक सुटतात. अठराव्या शतकात ऑयलरने या गणिताला जे रूप दिले, तेच आजही वर्गात शिकवले जाते. प्रत्यक्षातील पोलादही किंचित वाकते हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. पण ती मालाची उणीव मानली जात असे, कल्पनेची नव्हे.

५/२४
आता एक कल्पित प्रयोग. भोकरदनपासून जालन्याच्या दिशेने ६० किलोमीटर लांबीचा पोलादी गज टाकला आहे. भोकरदनच्या टोकाला कोणी तो ढकलला, तर दुसरे टोक केव्हा हलेल? गज खरोखर दृढ असेल, तर त्याच क्षणी. प्रत्यक्षात धक्का पोलादातून ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर, पुढे सरकतो. दुसरे टोक हलायला सुमारे १२ सेकंद लागतील. या १२ सेकंदांत गजाची एक बाजू पुढे सरकलेली आणि दुसरी जागच्या जागी, म्हणजे गज दबलेला असतो. खरी दृढ वस्तू सापडली असती, तर तिच्याद्वारे कितीही दूर तत्क्षणी संदेश पाठवता आला असता.

६/२४
१९०५ साली आइन्स्टाइनने मांडलेला विशिष्ट सापेक्षता सिद्धांत इथेच आडवा येतो. कोणताही संदेश प्रकाशाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरपेक्षा, जलद जाऊ शकत नाही. दूरच्या दोन ठिकाणी ‘त्याच क्षणी’ म्हणजे काय, हेही पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून असते. मग ‘दोन बिंदूंमधले अंतर कधीच बदलत नाही’ या व्याख्येचे काय करायचे? अंतर मोजायचे तर दोन्ही टोके एकाच क्षणी टिपावी लागतात, आणि तो ‘एकच क्षण’ सर्वांचा सारखा उरलेला नाही. दृढ वस्तू ही आता मालाची अडचण राहिली नाही, व्याख्याच डळमळली.

७/२४
या व्याख्येची डागडुजी करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न माक्स बॉर्नचा. १९०९ साली त्याने नवी दृढता सुचवली. वस्तूचा प्रत्येक छोटा तुकडा घ्यावा, त्या तुकड्याबरोबर क्षणभर चालणाऱ्या निरीक्षकाने त्याची लांबी मोजावी, आणि ती कायम तेवढीच भरावी. सगळ्या जगाला समान असलेला ‘एकच क्षण’ या व्याख्येला लागत नाही. शेजाऱ्याशेजाऱ्यांतले अंतर तेवढे राखले की झाले. बॉर्नचा हेतू इलेक्ट्रॉनची दृढ गोळी म्हणून मांडणी करण्याचा होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात झाल्झबुर्ग येथील वैज्ञानिकांच्या संमेलनात त्याने हा विचार मांडला. सरळ रेषेतल्या गतीला व्याख्या छान बसत होती.

८/२४
त्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे राहणाऱ्या पाउल एरेनफेस्टने जेमतेम एका पानाचे टिपण प्रसिद्ध केले. त्यातला प्रश्न शाळकरी मुलाला समजेल इतका साधा आहे. एक दृढ चकती वा दंडगोल स्थिर आहे. तो हळूहळू फिरवला. परिघावरचा प्रत्येक तुकडा परिघाच्याच दिशेने धावतो, म्हणून सापेक्षतेनुसार त्या दिशेने आकसला पाहिजे. परीघ कमी झाला. त्रिज्या मात्र गतीच्या आडव्या दिशेला आहे, ती आकसण्याचे कारण नाही. परीघ घटला आणि त्रिज्या तीच राहिली, तर परीघ म्हणजे त्रिज्येची २π पट, हे नाते मोडते. दोन्ही विधाने एकाच चकतीबद्दल खरी कशी?

९/२४
हे कोडे मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या सुताराला वा लोहाराला एका उपमेने सांगता येईल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेली असते. ती जाळात तापवून लाल करतात, ती प्रसरण पावते, मग चाकावर बसवून लगेच पाणी ओततात. निवताना धाव आकसू पाहते, पण आतले आरे आणि लाकडी घेर तिला आकसू देत नाहीत. परिणामी धाव ताणात राहते आणि चाकाला करकचून आवळते. एरेनफेस्टच्या चकतीचा परीघ नेमक्या याच अवस्थेत असतो: आकसू पाहणारा आणि आकसता न येणारा.

१०/२४
उपमा इथे थांबवणे इष्ट. धाव थंडीने आकसते, चकतीच्या परिघाचे तुकडे गतीमुळे. पण निष्कर्ष समान आहे. त्रिज्या तीच ठेवून चकती फिरवली, तर परिघावरील प्रत्येक तुकडा स्वतःच्या मूळ लांबीपेक्षा ताणला जातो. बाहेरच्या स्थिर निरीक्षकाला परीघ अजूनही २π पटच दिसतो, कारण ताणाने आकुंचन भरून काढलेले असते. चकतीबरोबर फिरणाऱ्याने मात्र छोट्या पट्ट्या लावत परीघ मोजला, तर आकसलेल्या पट्ट्या अधिक संख्येने मावतात आणि उत्तर २π पटीपेक्षा जास्त येते. विरोधाभास सुटतो, पण किंमत मोजून: फिरवायला घेतलेली चकती दृढ राहिलेली नाही.

११/२४
हे सगळे केवढे, हेही पाहिले पाहिजे. ४० सेंटिमीटर त्रिज्येचे कुंभाराचे चाक मिनिटाला १०० फेरे घेत असेल, तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४.२ मीटर भरतो. अडीच मीटरच्या परिघावर आकुंचनाचा परिणाम प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतका येतो. विषुववृत्तावर पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर आहे. ४०,०७५ किलोमीटरच्या परिघावर हाच फरक ०.०५ मिलिमीटर. भोगवर्धनच्या कुंभाराला सापेक्षता ठाऊक होती असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. त्याच्या मातीत, बोटांत वा चाकात असा प्रश्न उद्भवण्याची जागाच नव्हती. तो प्रश्न न पडणे हे त्याचे न्यून नव्हे.

१२/२४
एरेनफेस्टच्या पानभर टिपणानंतर दोन वर्षे जे घडले, ते एकट्या प्रतिभावंताच्या कथेत बसत नाही. गुस्ताव हेर्ग्लोट्झ आणि फ्रिट्झ न्योटर या दोघांनी स्वतंत्रपणे बॉर्नच्या व्याख्येचा कस लावला. फ्रिट्झ हा थोर गणिती एमी न्योटर हिचा धाकटा भाऊ. साध्या यांत्रिकीत दृढ वस्तूला सहा प्रकारचे स्वातंत्र्य असते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. बॉर्नच्या दृढतेत ते तीनवर येते. आधीपासून एकसमान फिरत असलेली वस्तू तशीच फिरत राहू शकते. पण स्थिर वस्तूला फिरायला लावणे किंवा तिचा फिरण्याचा वेग बदलणे, दृढता न मोडता अशक्य आहे.

१३/२४
या निष्कर्षाचे वजन सहज लक्षात येत नाही. चाक फिरू शकते, पण त्याला फिरवता येत नाही, असा हा विचित्र निकाल आहे. कुंभार काठी लावून चाकाला गती देतो, त्या प्रत्येक झटक्यात चाकाची दृढता तत्त्वतः मोडत असते. माक्स प्लांकने १९१० साली नेमका हाच मुद्दा पुढे आणला. फिरणाऱ्या वस्तूचे वर्णन करणे आणि स्थिर वस्तूला गती देणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत; दुसऱ्याचे उत्तर व्याख्येतून मिळत नाही, त्यासाठी वस्तूच्या लवचिकतेचा विचार करावा लागतो. ती ताण कसा सोसते, हे त्या पदार्थाला विचारावे लागते.

१४/२४
१९११ साली माक्स फॉन लाउएने शेवटचा घाव घातला. वस्तूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी धक्के दिले, तर प्रत्येक धक्क्याची बातमी इतर भागांत पोचायला वेळ लागतो. तोवर प्रत्येक भाग आपापल्या परीने हलतो. म्हणजे वस्तूला स्वातंत्र्याचे सहा प्रकार नाहीत, तीनही नाहीत. ते अमर्याद आहेत. सापेक्षतेच्या जगात दृढ वस्तू नावाची चीजच नाही. साठ किलोमीटरच्या गजाची जी गोष्ट, तीच हाताएवढ्या काठीची. दोन शतके यांत्रिकीचा पाया वाटलेली कल्पना ही एक सोय होती, हे कळायला १९०९ ते १९११ एवढी दोनच वर्षे पुरली. मात्र त्यासाठी अर्धा डझन माणसांना एकमेकांच्या चुका काढाव्या लागल्या.

१५/२४
मतभेदही थोडेथोडके नव्हते. झाग्रेबच्या व्लादिमिर वारिचाकने १९११ साली म्हटले की आकुंचन हा निव्वळ भास, मोजणाऱ्याच्या मनाचा खेळ. आइन्स्टाइनने उत्तर दिले. त्याचा आशय असा की वस्तूबरोबर चालणाऱ्याच्या दृष्टीने आकुंचन नाही, पण बरोबर न चालणाऱ्याला ते भौतिक साधनांनी दाखवून देता येते. ‘खरोखर’ हा शब्दच इथे दिशाभूल करतो. पुढे १९१९ च्या एका पत्रात त्याने स्पष्ट केले की दृढ चकती फिरवू गेल्यास ती तडकलीच पाहिजे. चकती तडकवणारी गोष्ट भास कशी असेल? इतिहासाच्या वर्गात ‘दृष्टिकोन’ आणि ‘भास’ यांची गल्लत होते तेव्हा हा वाद आठवावा.

१६/२४
इथे एक सर्रास आढळणारा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘विशिष्ट सापेक्षता केवळ सरळ, एकसमान गतीला लागू पडते, फिरणारी वस्तू आली की ती हात टेकते’, असे अनेक लोकप्रिय लेखांत वाचायला मिळते. वरील सर्व निष्कर्ष विशिष्ट सापेक्षतेनेच काढलेले आहेत. हात टेकले ते दृढतेने. मात्र चकतीवर राहणाऱ्याची भूमिती युक्लिडची उरत नाही, हे खरे. थिओडोर कालुझाने १९१० साली ते दाखवले. आइन्स्टाइनने १९१२ पासून या निरीक्षणाला हात घातला आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे वक्र भूमिती या विचाराकडे जाणाऱ्या वाटेवर फिरणारी चकती हा त्याचा एक महत्त्वाचा टप्पा ठरला.

१७/२४
चकतीवर घड्याळेही गोंधळतात. परिघावर घड्याळे मांडून प्रत्येक शेजाऱ्याशी वेळ जुळवत एक फेरी पूर्ण केली, तर पहिले आणि शेवटचे घड्याळ जुळत नाही. विषुववृत्ताभोवतीच्या एका फेरीत ही तफावत सुमारे २०७ नॅनोसेकंद भरते. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रणांना ती हिशेबात धरावीच लागते, कारण तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ६२ मीटर जातो. १९१३ साली जॉर्ज सान्याकने फिरत्या पाटावर प्रकाशकिरण उलटसुलट धाडून असाच परिणाम मोजला आणि ईथर सिद्ध झाल्याचे जाहीर केले. लाउएने मात्र दोन वर्षे आधीच दाखवले होते की सापेक्षताही तेच भाकीत करते. प्रयोग बरोबर, निष्कर्ष अनाठायी. इतिहासात असे वारंवार घडते.

१८/२४
या वादातल्या माणसांचे पुढे काय झाले? १९३३ साली नाझी राजवटीने बॉर्नला गॉटिंगेनमधून दूर केले. सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून १९३५-३६ मध्ये तो काही महिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होता. तेथे त्याला कायम जागा मिळू शकली नाही आणि तो एडिनबरोला गेला. १९५४ साली त्याला नोबेल मिळाले. फ्रिट्झ न्योटरने नाझींपासून सुटका म्हणून सोव्हिएत संघातील टॉम्स्क गाठले. १९३७ मध्ये त्याला तिथे अटक झाली आणि १९४१ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. सहांचे तीन करणाऱ्या प्रमेयामागे नाव असलेल्या माणसाला दोन राजवटींपैकी एकीनेही जगू दिले नाही.

१९/२४
भारतातील धागा बनारसला सापडतो. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतले आणि १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागले. त्यांच्याभोवती सापेक्षतेच्या अभ्यासकांची पिढी घडली. कोलकात्यात अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली आपले प्रसिद्ध समीकरण मांडले. त्यात पदार्थाच्या प्रवाहाचे तीन पैलू वेगळे केले जातात: प्रसरण, आकार बिघडवणारे अपरूपण आणि घूर्णन. बॉर्नची दृढता या भाषेत एका वाक्यात सांगता येते: प्रसरण शून्य, अपरूपण शून्य, उरले तर केवळ घूर्णन. १९०९ साली चकतीविषयी विचारलेला प्रश्न साऱ्या विश्वाविषयीच्या समीकरणात असा येऊन मिसळला.

२०/२४
विष्णु नारळीकरांचे पुत्र जयंत नारळीकर यांचे नाव मराठी वाचकाला विज्ञानकथांमुळे परिचित आहे. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा एक विषय घूर्णन हाच होता, हे मात्र क्वचित सांगितले जाते. विश्वच फिरत असेल, तर त्या फिरण्यामुळे ते आरंभीच्या अनंत घनतेतून सुटू शकेल काय, हा प्रश्न त्या काळी चर्चेत होता. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली काम करणाऱ्या नारळीकरांनी १९६३ साली अपरूपण व घूर्णन असलेल्या न्यूटनी विश्वांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मराठी विज्ञानाचा अभिमान बाळगायचा तर तो इथे बाळगता येतो, आणि त्याला तारीख आहे.

२१/२४
आणखी एक नाव कुरुंदवाडचे. श्रीनिवास कुलकर्णी हे १९८२ साली डॉन बॅकर व इतरांसह एका विलक्षण ताऱ्याच्या शोधात सहभागी होते: सेकंदाला सुमारे ६४२ फेरे घेणारा न्यूट्रॉन तारा. त्याची त्रिज्या १२ किलोमीटर धरली, तर विषुववृत्ताचा वेग सेकंदाला ४८,००० किलोमीटरच्या पुढे, म्हणजे प्रकाशवेगाच्या सुमारे १६ टक्के. आजवर ज्ञात असलेला सर्वांत वेगवान न्यूट्रॉन तारा ७१६ फेरे घेतो. पोलादी चाक याच्या पासंगालाही पुरत नाही. कडेचा वेग सेकंदाला काहीशे मीटर झाला की ते फुटू लागते. निसर्गात फिरणाऱ्या वस्तूची मर्यादा पाहायची तर हेच तारे पाहावे लागतात.

२२/२४
हे तारे घड्याळासारखे नियमित असतात, तरी दृढ नसतात. काही स्पंदकांचा फिरण्याचा वेग अचानक किंचित वाढतो. वेला नक्षत्रातील स्पंदकात ही घटना १९६९ साली प्रथम नोंदली गेली. कवच आणि आतला अतिप्रवाही द्रव वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि अधूनमधून हिशेब चुकता करतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण अशाच स्पंदकांचा वेध घेते. म्हणजे एरेनफेस्टचा प्रश्न नारायणगावच्या द्राक्षबागांशेजारी आजही रोज विचारला जातो.

२३/२४
यावर एक रास्त आक्षेप येईल. सुदर्शन चक्रात सापेक्षता शोधणाऱ्याच्या मनात एक दुखरी जागा असते: विज्ञानाच्या कथेत सारी नावे परक्यांची का? ती भावना हसण्यावारी नेऊ नये. पण तिला उत्तर दंतकथेने मिळत नाही. ज्या धर्मानंदपुत्र दामोदर कोसंबींनी आहत नाणी एकेक तोलून त्यांच्या वजनांवरून चलनाचा इतिहास वाचला, ते स्वतः भूमितीचे संशोधक होते. तराजू आणि समीकरण ही दोन्ही त्यांच्या हाती एकाच कामाची साधने होती. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांनी ती वेगळी केली. विज्ञानाच्या पुस्तकात वाद नाही, इतिहासाच्या पुस्तकात विज्ञान नाही. मधल्या रिकाम्या जागेत अफवा वाढते.

२४/२४
म्हणून आग्रह एवढाच. १९०९ ते १९११ चा हा वाद घूर्णन गतीच्या धड्याशेजारी शिकवावा आणि इतिहासाच्या वर्गातही शिकवावा: बॉर्नची व्याख्या, एरेनफेस्टचे एक पान, न्योटरचे प्रमेय, लाउएचा निकाल, आणि पुढे बनारस, कोलकाता, केंब्रिज, खोडद. सोबत बैलगाडीची धाव दाखवावी. ती चढवताना पाहिलेली माणसे आता गावोगावी थोडी उरली आहेत. आणि भोगवर्धनचे खापर हाती आले तर त्यावर प्रकाशवेग लिहू नये. त्या रेषांत एका कुंभाराच्या बोटांचा दाब, मातीचा ओलावा आणि चाकाचा वेग आहे. तेवढे नीट वाचायलाही अजून बरेच काम शिल्लक आहे.